वेगळं अंथरूण

माहा भाऊ जितेंद्र अन् त्याची बायको वेदिका, दोघांचेही रिपोर्ट एकदम चांगले. मग लेकरू काहून होऊन नाही राहिलं, याचं उत्तर लग्नाले इतकी वर्षं झाली तरी कोणाजवळ नव्हतं. मी जितेंद्रची मोठी बहीण. जरीपटक्यातच राहते, त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते.

वेदिका इतवारीत साड्यांच्या ठोक दुकानात बिलं करते. शांत पोरगी. ओळखीत कोणाचं डोहाळजेवण असलं की नेमकं हिचं डोकं दुखते, अन् आपण समजून घ्यायचं. एक दिवस माह्या घरी मेथी निवडता निवडता म्हणते, "ताई, या दिवाळीपर्यंत काही झालं नाही, तर मी माहेरी निघून जाईन. तुम्ही यांचं दुसरं करून द्या." रडली नाही, काही नाही. मेथी खुडणं सुरूच. ही बाई बोलून दाखवत नाही, करून मोकळी होते.

म्हणून मीच तिले एका नव्या डॉक्टरिणीकडे नेलं. तिनं फाईल चाळली, बाजूला सारली अन् भलतंच विचारलं.

"पाळी गेल्यावर काही दिवसांनी अंगावरून पातळ, बुळबुळीत असं जातं का? कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं? दोन बोटांत धरलं तर तार सुटते?"

"जाते न मॅडम," वेदिका खाली पाहत म्हणाली, "दर महिन्याले. लय औषधं केली त्याच्यावर."

"औषधं? खाज येते? घाण वास, पिवळा-हिरवा रंग?"

"नाही, तसं काही नाही."

"मग त्या दिवसांत नवराबायको जवळ येता ना?"

"छे! तेव्हा तर मी आईंच्या खोलीत झोपते. बाईची शक्ती जाते न त्याच्यातून."

डॉक्टरिणीनं कपाळाले हात लावला. मग हळू आवाजात सांगाले लागली. "अगं, हे दुखणं नाही. स्त्रीबीज सुटायची वेळ जवळ आली की शरीरच हा स्राव करतं. शुक्राणू त्याच्यातच टिकतात, पुढे सरकतात. तो पुन्हा घट्ट झाला, अंग कोरडं पडलं, की त्या महिन्याची संधी गेली. तुम्ही नेमके तेच दिवस सोडत आलात." रोज लघवीच्या आधी पुसून पाहात जा म्हणे. पहिल्याच महिन्यात राहील याची हमी नाही, धीर धरा, हेही बजावलं.

बाप्पा! मले हसू यावं की राग, तेच समजेना. ही नवीन नवरी असताना लाजत लाजत सासूले सांगते, अंगावरून जाते म्हणून. सासू, म्हणजे माही माय रुखमाबाई, तिले आपल्या खोलीत झोपवते, तांदळाचं धुवण पाजते. दर महिन्याले नेमानं! ऑटोतून उतरता उतरता वेदिका एवढंच म्हणाली, "ताई, इतकी वर्षं?"

पुढची पाळी गेली अन् मी रोज फोन कराले लागली. "काय वं?" "कोरडं आहे ताई." दुसऱ्या दिवशी, "काय वं?" "अजून कोरडंच." मग, "जरा पांढरं, घट्ट आहे." माह्या नवऱ्याले वाटलं, आम्ही नणंद-भावजयीनं भिंती रंगवायचा ठेका घेतला.

अन् एका दुपारी दुकानातून तिचाच फोन आला. "ताई, तार सुटली. पण आईंनी सकाळीच माही गादी त्यांच्या खोलीत नेली."

घरातले कपडे मायच भिजवते, तिच्यापासून काय लपणार? दोन खोल्यांचं घर, माय चोवीस तास घरात. जितेंद्रले सारं माहीत होतं, पण तो म्हणे, "मायले असलं मी कसं सांगू?" मलेही वेदिकानं मायजवळ बोलू देल्लं नव्हतं. उमरेडच्या कोळसा खाणीत माणसांवर ओरडते हा, अन् घरी आला की मांजर. हाही महिना हातचा जाणार, या विचारानं मले घरात बसवेना. संध्याकाळी स्कूटी काढली.

जितेंद्र टीव्हीकडे पाहून राहिला होता. टीव्ही बंद होता. आतल्या खोलीत दोन गाद्या लागलेल्या, अन् मायच्या हातात धुवणाचा पेला.

"पी वं पोरी. तोंड पाहा कसं उतरलं तुह्यं." लाडानं म्हणत होती, हे सांगाले पाहिजे. माही माय दुष्ट नाही.

वेदिकानं पेला घेतला. तोंडाजवळ नेला. आता मीच बोलते म्हणून पुढं झाली, तर तिनं पेला खाली ठेवला.

"आई, मी नाही पिणार."

"काहून?"

"हा आजार नाही. लेकरू राहायचे हेच दिवस आहेत, डॉक्टरांनी सांगितलं. आज मी आमच्या खोलीत झोपणार."

"लय शहाणी तुही डॉक्टरीण! माह्या सासूनं मले जे केलं, तेच मी तुले..." माय मध्येच थांबली. पेल्याकडे पाहतच राहिली. मी दोन शब्द सुनावले, ते तिले ऐकूही गेले नाहीत. मग उठली, एक लुगडं पिशवीत कोंबलं अन् मले म्हणाली, "चाल, मले तुह्या घरी ने."

मले वाटलं, रुसली. जितेंद्र "माय, माय" करत दारापर्यंत आला, त्याले तिनं हातानंच मागं लोटलं. बाजाराच्या तोंडाशी आलो तर पाठीमागून म्हणते, "थांब वं जरा."

मी गाडी कडेले घेतली.

"सात-आठ वर्षं मी सासूजवळ झोपली," माय म्हणाली. "दर महिन्याले. हेच धुवण पीत होती. गावात मले वांझोटी म्हणत. हळदीकुंकवाले बोलवत नव्हते. तुह्या बापाले दुसरी दाखवाले माणसं येऊन गेली, त्याहिले चहा मीच देल्ला."

"मग मी कशी झाली?"

"सासू मेली. वेगळं झोपवाले कोणी राहिलं नाही. त्याच साली तू पोटात राहिली." तिनं पदरानं नाक पुसलं. "सारं गाव म्हणे, म्हातारीनं वरून आशीर्वाद देल्ला. म्हणून तुह्यं नाव तिचंच ठेवलं, कौशल्या."

मी मागं वळून तिचा हात धरला.

"चार-पाच दिवस मले घरी नको नेऊ," ती म्हणाली. "अन् पुढच्या महिन्यातही घ्याले येजो."