शंभर लिटर दूध आणि न लागलेलं दही

“कुणाचा हात लागला या दुधाला? आं? कुणाचा?”

नवरीचा बाप चुलवणापाशी उभा राहून ओरडत होता. आवाज असा, की येडगावच्या धरणातले मासे तळाला जाऊन बसले. आण्याच्या पठारावरची मेंढरं बावरली ती वेगळीच. हे मला एका मेंढपाळाने सांगितलं, आणि तो माणूस माझ्याइतकंच खरं बोलतो.

हळदीचा दिवस, सकाळचे सात. लग्न दुसऱ्या दिवशी दुपारी. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा पिंपरी पेंढारला लग्नाच्या मठ्ठ्यासाठी कुणी दूध विकत आणत नसे. भावकीतलं आणि शेजारपाजारचं घरटी एकेक किटली यायची, सगळं एकत्र तापवायचं आणि विरजायचं. या वेळी नऊ घरांचं शंभरेक लिटर दूध आदल्या संध्याकाळी दोन भल्यामोठ्या पातेल्यांत विरजलं होतं. सकाळी झाकण उचललं तर दूध तसंच्या तसं. पांढरं, पातळ, तोंड पाहून घ्यावं असं.

कुणाचा हात लागला हे ओरडणाऱ्यालाही ठाऊक होतं. विरजण माझ्या चुलतीचं. पंधरा वर्षं वाडीतल्या प्रत्येक लग्नाचं दही काकूच लावायची. तिचं दही असं घट्ट, की पाहुण्यांना विळीवर चिरून वाढावं लागे. पण दोन वर्षांपूर्वी चुलते गेले होते.

“मी म्हणलं व्हतं,” नवरीची आत्या पुटपुटली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने. “पांढऱ्या कपाळाच्या बाईचं इरजन शुभकार्याला नको.”

काकू गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली होती. आज ही गोष्ट तिच्या माथी बसली, तर यापुढे या वाडीत कुणी तिच्या हातचं विरजण मागणार नाही, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

आता मी पडलो जीवशास्त्राचा मास्तर. जुन्नरला अकरावी-बारावीच्या पोरांना बेडकाची आतडी मोजायला लावणारा. गावात माझ्या विद्येचा आजवर एकच उपयोग झाला होता : कुणाच्या अंगावर पुरळ आलं की लोक मला विचारत आणि मग मी सांगितलेलं सोडून दुसरं काहीतरी करत. त्यामुळे ही संधी मी सोडणार नव्हतो.

मी पातेल्यात बोट बुडवून चाखलं. गोड! आणि माझे कान उभे राहिले. वैशाखाच्या उकाड्यात रात्रभर उघड्यावर ठेवलेलं दूध लागलं नाही तर नासायला तरी हवं. हे नासलंही नव्हतं. दही लावणारे जंतू मेले म्हणावं, तर नासवणारे कुठे गेले? दोघांनाही एकाच वेळी कोणी मारलं?

“सर, काय कळलं का?” नवरीच्या बापाने विचारलं.

“कळंल. मला नऊ पेले द्या.”

नऊ घरांतून सकाळचं दूध वेगवेगळं मागवलं. प्रत्येकातलं पेलाभर तापवून कोमट केलं, नऊही पेल्यांत काकूचंच विरजण घातलं, प्रत्येकाखाली आकड्याची चिठ्ठी ठेवली आणि कुठला आकडा कुणाच्या घराचा ती यादी माझ्या खिशात टाकली. उरलेलं दूध घरागणिक निराळं तापवून ठेवायला लावलं. मग पेले उन्हात ओसरीच्या कडेला मांडले आणि मांजर हाकलायला मी स्वतः बसलो. एवढी माणसं जमली, की हळद नवरीला लागतेय का पेल्यांना, असा प्रश्न पडावा.

“ह्ये काय, पेल्यांचं लगीन लावता का राव?” एकाने विचारलं.

“मला तर शेळीचा वास येतोय,” दुसरा म्हणाला. नऊ किटल्यांतली एक टेकडीखाली उतरलेल्या मेंढरंवाल्या म्हाताऱ्याने आणली होती, शेळीच्या दुधाची. “त्येच्या दुदानं घात क्येला.”

म्हातारा शांतपणे तंबाखू मळत म्हणाला, “माजी शेळी समद्या जंगलाचा पाला खाती. तिच्यात नाय ते औषद तुमच्या दवाखान्यात बी नाय.”

खरं सांगतो, माझाही संशय शेळीवरच होता. नवरीच्या आत्याचा मात्र काकूवरून हलला नव्हता.

दुपारी एकच्या सुमाराला मी पेले एकेक करून तिरके केले. एक, लागलेलं. दोन, तीन, चार, लागलेलं. शेळीचा पाचवा, थोडा सैल, पण लागलेला. सहा, लागलेलं. आठ आणि नऊ तर असे, की पेला उलटा केला असता तरी दही वर बघत राहिलं असतं. सातवा नुसता हलला. दूधच.

मी यादी काढली. सात म्हणजे आमचं घर.

एका क्षणात सगळं लख्ख झालं. चार दिवसांपूर्वी आमच्या गाईची कास दगडासारखी सुजली होती. मीच जनावरांच्या डॉक्टरांना आणलं, त्यांनी सडात औषधाच्या ट्यूबा सोडल्या आणि बजावून गेले, आठवडाभर हे दूध डेअरीला घालू नका. मी ते घरी तसंच सांगून जुन्नरला निघून गेलो होतो.

मी वडिलांना गोठ्यामागे ओढलं. “दादा, आपल्या गाईचं दूध लग्नाला दिलं?”

“दिलं की. दोन येळचं.”

“अहो, घालू नका म्हणलं होतं ना!”

“डेअरीला घालू नको म्हणला व्हतास. लग्नाला घालू नको म्हणून कवा म्हणलास? वाया घालवण्यापरीस धर्माला दिलं.”

यादी माझ्या हातात होती, आणि ती अजून फक्त मीच वाचली होती. बाहेर सगळे शेळीवर खापर फोडायला एका पायावर तयार होते. सातवा आकडा शेळीचा म्हटलं की झालं. शेळी काही बोलणार नव्हती. मी बाहेर आलो आणि पाहिलं : काकू उठून पेल्यांपाशी आली होती, आणि आठ लागलेले पेले एकेक करून हातात घेऊन बघत होती. कितीतरी वेळ.

मग मी बोललो. माझ्या वर्गात कधी बोललो नसेन तसं बोललो. म्हणालो, दोष आमच्या घराचा. विरजणात जिवंत जंतू असतात, लाखो, तेच दूध लावतात, आणि काकूचे जंतू वाघासारखे आहेत, हे आठ पेले साक्षीला. पण गाईच्या कासेतले जंतू मारणारं औषध दुधात उतरलं आणि त्याने तेही मारले. उकळून ते गेलं नाही, कारण औषध जिवंत नसतंच, मरणार काय? हेच दूध डेअरीत गेलं असतं तर पुढे कारखान्यात सबंध टँकरच्या श्रीखंडाचं दहीच लागलं नसतं, आणि लेकरांच्या पोटात गेलं असतं तर उद्या खऱ्या आजारात जंतूंनी औषधाला दाद दिली नसती. हे शंभर लिटर गोबरगॅसच्या टाकीतही ओतू नका, तिथे शेणाचा गॅस करणारेसुद्धा जंतूच, तेही मरतील; लांब खड्डा खणून पुरा. गाय, माणूस, चूल, कारखाना, सगळं एकाच अदृश्य दोरीत बांधलेलं आहे, लोकहो!

मी पाऊण तास बोललो असेन. म्हातारा तंबाखू विसरला. आत्याने पदर तोंडाला लावला. नवरीच्या बापाने टोपी काढून हातात धरली. अगदी वारा थांबला, हे मी शपथेवर सांगतो.

सातवी किटली सोडून बाकीचं दूध पुन्हा कोमट करायला कुणीतरी केव्हाच चुलवणावर चढवलं होतं. काकू विरजणाचं भांडं घेऊन त्याच्यापाशी उभी होती. मी तिच्या वाटेत.

“कळलं,” ती म्हणाली. “आता सरक तिकडं. दूध निवतंय.”