काल काय खाल्लं?

आमचं काम फॉर्म भरण्याचं. फॉर्मात चौकोन ठरलेले असतात, पण बाया बोलायला लागल्या की त्यांचं बोलणं चौकोनात मावत नाही. उरलेलं टाकून द्यायला माझं मन घेत नसे. म्हणून ते मी वहीच्या मागच्या पानांवर तारीख घालून लिहीत गेले. दोन वर्षांत मागची पानं पुढच्या पानांना येऊन भिडली!

जिंतूर तालुक्यात आमच्या संस्थेचा पोषणाचा कार्यक्रम होता. गावोगावी जायचं, कोण काय खातं ते विचारायचं, आणि घरात आहे त्याच भाजीभाकरीतून अंगाला लागेल असं जेवण कसं करायचं ते चुलीपाशी बसून दाखवायचं. मी आणि वत्सलाताई अशी जोडी. वर ऑफिसात सर. कार्यक्रम संपून बरेच दिवस झाले, पण चारठाण्याकडे जाणारी एसटी दिसली की मी अजून डावीकडच्या दुसऱ्या खिडकीकडे बघते. ती वत्सलाताईंची जागा.

*

पहिल्या महिन्यातली गोष्ट. प्रत्येक बाईला एकच प्रश्न विचारायचा होता, "काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लं?"

पहिल्याच गावात बायांनी असं काही सांगितलं की माझं पेन थांबेना. भाकरी, तुरीचं वरण, मेथी, अंडी, दूध, गूळ-शेंगदाणे! सरांनी फॉर्म बघितले आणि खूश झाले. "अहो, या गावाला आपली गरजच नाही!"

वत्सलाताईंना काही ते पटेना. पुढच्या खेपेला एका बाईला त्यांनी जरा वेगळ्या तऱ्हेनं विचारलं.

"अंडी किती केली हुती?"

"तीन."

"कुणी खाल्ली?"

"मालकानं दोन, पोरानं एक."

"आन् तू?"

ती बाई आमच्याकडे बघतच राहिली. "मी केली की!"

त्या दिवसापासून आम्ही रांधलेलं वेगळं आणि खाल्लेलं वेगळं लिहायला लागलो. दुसऱ्या यादीला फारशी शाई लागत नसे.

*

वत्सलाताई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. अंगणवाडीत मदतनीस म्हणून जन्म गेलेला. शिक्षण चौथी, पण हजार माणसांच्या वरणाला मीठ किती ते नुसतं वाफेवरून सांगायच्या.

ऑफिसनं आम्हाला एक चार्ट दिला होता. चकचकीत, रंगीत. त्यात सफरचंद, ब्रोकोली आणि कसलीशी लाल ढोबळी मिरची. तो भिंतीला लावला की बाया टक लावून बघायच्या. एक म्हातारी काठी टेकत जवळ गेली, ब्रोकोलीवर बोट ठेवलं आणि हळहळली.

"अगं बाई, ह्या फुलकोबीवर लय औषध मारलंय. समदी हिरवी पडली!"

वत्सलाताईंनी त्या दिवशी गावातूनच तांदूळजा, अंबाडी, करडईचा कोवळा पाला आणि शेवग्याची फांदी गोळा केली आणि सुतळीनं चार्टवर बांधून टाकली. खालचा चार्ट दिसेनासा झाला. सरांनी विचारलं, "चार्ट कुठे गेला?"

"मागं हाय की, सर. पाला धरून बसलाय!"

*

दुसऱ्या टप्प्यातल्या गावांची यादी सरांनी वाचून दाखवली. पाचवं नाव आलं आणि वत्सलाताईंनी ते पुन्हा वाचायला लावलं. त्या गावी त्यांची एकुलती एक लेक दिलेली होती. संगीता. लग्नाला तीन वर्षं झालेली.

गावाचं नाव इथं लिहीत नाही, तिथली माणसं वाचतील.

मला वाटलं, आई खूश होईल. पण त्यांच्या माहेरची आणि सासरचीही रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही. वत्सलाताई तर त्याच्याही पुढच्या. त्या गावात त्या पाणीसुद्धा घेत नसत. बाटली घरून भरून आणायच्या आणि शाळेमागच्या लिंबाखाली बसून आपली भाकरी खायच्या. लेकीचं घर तिथून चाळीस पावलांवर. चुलीचा धूर दिसायचा.

पहिल्या दिवशी संगीता भेटायला आली तेव्हा तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या.

"जेवलीस का गं?"

"जेवले की."

"काय जेवलीस?"

"समदं."

ती गेल्यावर वत्सलाताई मला म्हणाल्या, "रेखा, हिचा फॉर्म तू भर. मी इचारलं तर ती समदं खाती. मला निस्तं वाचायला दे. माझी लेक जेवती का न्हाई, येवढंच मला बघायचंय."

*

मी फॉर्म भरला. संगीतानं माझ्याकडे न बघता सांगितलं. सकाळी चहा. दुपारी अर्धी भाकरी, ठेचा. संध्याकाळच्या रकान्यापाशी ती म्हणाली, "भूक नव्हती, लिहा."

खरं तर फॉर्म दुसऱ्या कुणाला दाखवायचा नाही असा नियम. नियम मोडायचा म्हणजे निदान तो मोडल्यासारखा दिसू नये, म्हणून एसटीत मी फॉर्म मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसले. वत्सलाताईंनी तो वाचला. परत पहिल्यापासून वाचला. मग घडी घालून माझ्या पिशवीत सारला.

जिंतूरच्या स्टँडवर उतरताना म्हणाल्या, "अक्षर चांगलं हाय तुझं."

*

"दिवसातून एक वेळ तरी सगळ्यांनी सोबत जेवा," हा आमच्या कार्यक्रमाचा मुख्य मंत्र. सोबत बसलं की शेवटी कुणी उरत नाही आणि कुणाला उरलेलं खावं लागत नाही, असं साधं गणित. ते सांगितलं की पुरुषमंडळी हसायची.

"बाई सोबत बसल्यावर भाकरी कोण वाढंल?"

"टोपलं मधी ठिवा," वत्सलाताई म्हणायच्या. "हात दिलेत ना देवानं?"

एका गावात एक चांगला धट्टाकट्टा शेतकरी मनावर घेऊन बसला. म्हणाला, उद्यापासून सुरू! पंधरा दिवसांनी आम्ही चौकशीला गेलो तर घरात पुन्हा जुनंच. तो आत आणि बायको चुलीपाशी.

"काय झालं भाऊ?"

तो ओशाळला. "त्याचं काय झालं मॅडम, सोबत बसलं की दोन्ही ताटं दिसायलीत. बटाटे समदे माझ्या ताटात, आन् तिच्या ताटात निस्तं रश्श्याचं पाणी. घासच उतरंना!"

"मग?"

"मग काय, आता अलग बसायलाव."

बायको आतून म्हणाली, "बटाटे बी सोबत घिऊन गेलेत!"

पुढच्या खेपेला मात्र दोघं सोबत बसलेली दिसली. बटाट्यांची वाटणी कशी केली ते आम्ही विचारलं नाही. दोघांच्या ताटावर नजर टाकून वत्सलाताई लगेच बाहेर आल्या. "चल," म्हणाल्या, "बगितलं तर लाजतील."

*

परसबागेसाठी आम्ही पालकाचं बी वाटलं होतं. एका आजोबांचा वाफा सगळ्यांत हिरवागार! सरांनी फोटो काढला आणि कौतुकानं विचारलं, "आजोबा, कोण कोण खातं पालक?"

"शेळी."

सरांचा चेहरा पडला. आजोबांनीच त्यांना धीर दिला. "आवो, शेळीचं दूध नात पिती. जरा फिरून गेला, पर पोटातच गेला का न्हाई?"

फॉर्मात 'शेळीमार्फत' असा रकाना नव्हता. मी समासात लिहिलं.

*

संगीताचा फॉर्म दर तीन महिन्यांनी भरायचा होता. दुसऱ्या वेळी तिची सासू, कौसाबाई, शेजारी येऊन बसल्या. उंच बाई, कपाळभर कुंकू, आवाज असा की गोठ्यातली म्हैस उभी राहील. मी प्रश्न विचारला की उत्तर त्याच देत.

"खाती की! दोन भाकरी खाती. हिच्या आईला सांगा, आमच्या घरात कुणी भाकरी मोजत न्हाई."

संगीता जमिनीकडे बघत होती. पुढं कसं सरकावं मला कळेना. मग मी सरळ दुसरा कोरा फॉर्म काढला आणि वर कौसाबाईंचं नाव लिहिलं.

"आता तुमचं सांगा. काल काय खाल्लं?"

"माझं?"

"हो, तुमचं."

त्यांनी पदर सारखा केला. आवाज एकदम खाली आला. "सकाळी च्या. दुपारी... अर्धी भाकर आसंल. ठेचा हुता."

"संध्याकाळी?"

"पोरं जेवली. मग ऱ्हायलंच." त्या थांबल्या. "लग्न झाल्यापून आजवर हे कुणी इचारलं न्हाई मला."

एसटीत मी दोन्ही फॉर्म मांडीवर ठेवले. वत्सलाताईंनी आधी लेकीचा वाचला, मग विहिणीचा. मग दोन्ही एकावर एक ठेवून उजेडाकडे धरले, जणू खालचं वरच्यात दिसतं का ते बघत होत्या.

*

त्यानंतर त्यांनी शेंगदाणा-गुळाचे लाडू करून पाठवायला सुरुवात केली. डब्यावर कागद चिकटवायच्या. 'दोघींना. सारखे.' आईनं लेकीला द्यायला रीत आडवी येत नाही. घ्यायला येते.

दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला डबा परत आला तो भरलेला. आत जवसाची चटणी. संगीतानं कुटलेली. एसटीत वत्सलाताईंनी झाकण उघडून वास घेतला, लावलं आणि डबा माझ्या हातात दिला.

"तू खा."

मी पिशवीतली भाकरी काढली, चटणी लावून घास घेतला.

"कशी हाय?"

"चांगली आहे."

"चांगली म्हंजी? नीट सांग की! लसूण लागतोय का?"

"लागतोय."

"जवस करपलेत का? ती घाई करती भाजताना."

"थोडे करपलेत."

"करपणारच!" त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या की कंडक्टरनं वळून बघितलं. "सातवीत असल्यापून सांगायलेय, जाळ बारीक कर, जाळ बारीक कर! तिखट?"

"बेताचं."

"माझ्यासाठी कमी घातलं आसंल. मला सोसत न्हाई ना." आणि मग जरा वेळानं, "अजून एक घास खा. सावकाश खा."

चारठाण्यापासून जिंतूरपर्यंत मी खात होते आणि त्या ऐकत होत्या.

*

आता शेवटचं.

कार्यक्रम संपायला आला होता. त्या गावातलं शेवटचं प्रात्यक्षिक कुणाच्या घरी ठेवायचं, असा विषय निघाला, तर कौसाबाई सगळ्या बायांमधून उठून म्हणाल्या, "आमच्या घरी." संस्थेचं काम, वत्सलाताई नाही कसं म्हणणार?

ठरल्या दिवशी संगीतानं रांधलं. मुगाची डाळ घालून करडईची भाजी आणि ज्वारीच्या भाकरी. अंगणात वीसेक बाया. आमच्याकडे असा नियम होता, की शिकवणाऱ्यानं सगळ्यांसमोर आधी चव घ्यायची, मग इतरांनी. त्या गावात चव घ्यायला नेहमी मीच पुढं होत असे. सवयीनं मी हात पुढं केला.

कौसाबाईंनी माझा हात बाजूला केला. "तुमी न्हाई. सुगरण त्या हायत. त्यांनी बघावी."



"विहीणबाई," वत्सलाताई हळू म्हणाल्या, "तुमाला ठावं हाय. मी हितं जेवत न्हाई."

"जेवा कोण म्हणालं? चव बघा."

संगीतानं पळीच्या टोकावर भाजी घेतली. वत्सलाताईंनी तळहात पुढं केला. चिमूटभर भाजी तोंडात घातली, डोळे मिटले. आम्ही सगळ्या त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"मीठ कमी वाटायलंय."

संगीतानं मीठ घातलं, ढवळलं, पुन्हा पळी पुढं केली. वत्सलाताईंनी पुन्हा घेतली.

"आता बरं हाय. पर निस्त्या भाजीवरून काय कळतंय? भाकरीसंगं बघाया पायजे."

ताटलीत भाकरी आली. त्यांनी तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि खाल्ला. दुसरा तुकडा मोडला आणि लेकीपुढं धरला. "तू बघ बरं. मला कळंना."

संगीतानं खाल्ला. "बरोबर वाटायलंय, आई."

"नीट बघ. अजून एकदा बघ."

एक तुकडा आईचा, एक लेकीचा. मागं कुणीतरी पोरगी फिस्सकन हसली. कौसाबाईंनी अशी नजर टाकली की ती तिथंच विरघळली. भाकरी संपली. वत्सलाताईंचा हात ताटलीवर तसाच राहिला.

कौसाबाई उठल्या. तव्यावरची गरम भाकरी आणून ताटलीत टाकली.

"ही दुसऱ्या पिठाची हाय. हिची बी बघा."

वत्सलाताईंनी मान वर करून विहिणीकडे बघितलं. मग चटईवर थोड्या सरकल्या. "एकटीला दुकटीला कळायचं काम न्हाई हे. बसा. तुमी बी बघा."

तेवढ्यात माझा फोन वाजला. सर. गाडी घेऊन वेशीपाशी थांबले होते, रजिस्टरात शेवटची सही करायची होती.

"काय हो मॅडम, चव घेऊन झाली का नाही अजून?"

मी चटईकडे बघितलं.

"नाही सर," मी म्हणाले, "अजून मिठाचं जमंना."