साडेसहा हजार केल्विन

आठवीत शाळा सुटलेल्या बाईला काउंटरवर कोण बसवतं? डहाणूच्या शेठनी मला त्यांच्या विजेच्या सामानाच्या दुकानात बसवलं. नवऱ्याच्या कामापायी परभणीहून आलो, तेव्हा इथे ओळखीचं कुत्रंही नव्हतं. शेठनी दुकानामागची खोलीही राहायला दिली. त्यामुळे आपल्या हातून चूक व्हायला नको, ही धास्ती घेऊनच मी रोज शटर उघडायचे. बल्बच्या खोक्यांवरचे आकडे तर पाठच केले होते. पिवळा उजेड २७०० के, पांढरा ६५०० के. "के म्हणजे केल्विन, टेम्परेचर," शेठ एकदा म्हणाले होते. तेवढं डोक्यात घट्ट बसलं.

२०१७च्या थंडीत गंजाड गावाकडची एक मावशी आली. तिने कोंबडीची चाळीस पिल्लं आणली होती. खोक्यावर जुना शंभर वॅटचा, तारेचा बल्ब लावून त्यांना ऊब द्यायची, तो उडाला होता. तसले बल्ब आमच्याकडे संपलेले.

"मग जास्त तापनारा दे कोनता तरी, बाय."

मी आकडे बघून ६५०० वाला एलईडी दिला. वर शहाणपणा, "पिवळ्याच्या दुपटीहून जास्त आहे, मावशी."

तिसऱ्या दिवशी तिने तो बल्ब काउंटरवर ठेवला. "सगली गारठून मेली. तूच बोललीस ना, यो जास्त तापतो?"

शेठ हसले. "मासी, ही बत्ती आहे, शेगडी थोडीच? तुम्हीच चुकीचं मागितलं असणार. आमची बाई असं सांगणार नाही."

"बोल ना गं," मावशी माझ्याकडे बघत म्हणाली.

मी काउंटरच्या काचेकडे बघत राहिले. बल्ब तिथेच टाकून ती गेली.

संध्याकाळी शेठच्या कॉलेजातल्या मुलीने समजावलं. धातू तेवढा तापवला तर जसा उजेड देईल, तसा या बल्बचा रंग. बल्ब स्वतः तेवढा तापत नाही. केल्विनची मोजणी अगदी तळापासून, ज्याच्या खाली गारठाच नाही तिथून सुरू होते. आपल्या डिग्रीत २७३ मिळवायचे. मी मिळवून पाहिले. पहाटेची सतरा डिग्री म्हणजे २९०. मेलेली पिल्लंसुद्धा केल्विनमध्ये दोनशे नव्वद भरतात.

शेठचे उपकार आजही विसरत नाही. पण त्या दिवशी ते माझ्या बाजूने बोलले नसते, तर कदाचित मी खरं बोलले असते.

त्यांनी तो बल्ब पुसून परत खोक्यात घातला. दुसऱ्या दिवशी मीच तो विकला. गिऱ्हाइकाला म्हटलं, उजेड एकदम पांढरा पडतो.