कोटाच्या खिशातलं सोनं
डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मला इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनचं ते जुनं डिपार्टमेंट स्टोअर आठवतं. बायकोला भारतातून येऊन तीन आठवडे झाले होते आणि ती रोज परतीच्या तिकिटाचं विचारत होती. कोट घेतला की राहील, या आशेने दसऱ्याला तिला तिथे नेलं. तिथला ‘ऑटम फॅशन्स’ हा पानगळीच्या दिवसांतल्या कपड्यांचा विभाग म्हणजे कोट घातलेल्या पुतळ्यांची पलटण आणि वर सोनेरी कागदी पानांचं अख्खं जंगल! अस्वस्थपणे येरझाऱ्या घालत मी दोनशे कोट तरी दाखवले असतील. “कोट कशाला? मी चाललेय परत,” म्हणत तिने पुतळ्याच्या खांद्यावरचं पान सरळ खुडलं. दहा फुटी सिक्युरिटीवाला धाडधाड आला. माझी नोकरी, व्हिसा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. तिने मात्र ते पान त्याच्याच हातावर ठेवलं. “सोनं घ्या, सोन्यासारखे राहा.” मी चाचरत दसरा समजावला. त्याने गंभीरपणे दुसरं पान तोडून तिला दिलं. “सोना ग्या, मॅडम.” तीन आठवड्यांत ती पहिल्यांदा हसली. “अरे, तो तांबडा कोट दाखव बघू!” डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेल्या त्याच कोटाच्या खिशात ते पान अजून आहे. माझ्या गोष्टीत तो माणूस दर दसऱ्याला फूटभर वाढतो, पान मात्र आहे तेवढंच आहे.