बाजूच्या सीटवर

आमच्या घरात गाडी चालवायचे ती मी. यजमान बँकेत होते, बँक घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. त्यांना गाडीची कधी गरज पडली नाही आणि हौसही नव्हती. मी पडघ्याच्या शाळेत भूगोल शिकवते. भिवंडीहून पडघा फार लांब नाही, पण मधे गोदामांचे ट्रेलर, खड्डे आणि उलट्या बाजूने निवांत येणारे टेम्पो. काही वर्षं एसटीत उभ्याने काढली, मग जुनी गाडी घेतली आणि शिकले. सासूबाईंचं डोळ्यांचं ऑपरेशन, माहेरची लग्नं, मुलीला सामानासकट पुण्याच्या हॉस्टेलवर सोडणं, सगळं माझ्या हातून झालं. आमच्या शाळेतल्या सेविका मावशी रोज बायपासला उभ्या असायच्या, त्यांनाही घेऊन जायचे.

मधुमेहही तेवढाच जुना. आधी गोळ्या होत्या, मग इन्सुलिन आलं. साखर उतरायला लागली की मला लगेच कळायचं. ओठ बधिर व्हायचे, हात थरथरायचे. पर्समध्ये बिस्किटं असायची, दोन खाल्ली की झालं. एवढ्याशा गोष्टीचा मी कधी बाऊ केला नाही.

गेल्या उन्हाळ्यात परीक्षेच्या दिवसांत एकदा दुपारी शाळेतून निघाले. मावशी रजेवर होत्या, गाडीत मी एकटीच. हायवे सोडून नाक्याजवळ गर्दीत गाडी थांबवली एवढं आठवतं. त्यानंतरचं आठवतं ते कुणीतरी काच बडवत होतं ते. पाठीमागे हॉर्नचा गोंधळ. माझी गाडी हळूहळू पुढे सरकून एका रिक्षाला टेकली होती. काच कशी खाली केली माहीत नाही. एक माणूस वाकून आत बघत म्हणाला, "मॅडम ने पी रखी है क्या?"

मला त्याला उत्तर द्यायचं होतं. मी शिक्षिका आहे, असं सांगायचं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच, काय ते आजही माहीत नाही. तेवढ्यात त्या रिक्षातून एक बुरख्यातली बाई उतरली. कडेवर लहान मुलगी, हातात तिचा आंब्याच्या रसाचा पुडा. तिने माझ्या कपाळाला हात लावला, घाम पाहिला आणि त्या माणसाला म्हणाली, "हटो ज़रा. शुगर है इनको. मेरी अम्मी को भी ऐसे ही होता है." पुड्याची नळी तिने सरळ माझ्या तोंडात घातली. आपला रस भलतीच बाई पिते आहे हे पाहून मुलीने भोकाड पसरलं. त्या रडण्यानेच मी भानावर आले. रिक्षाला ओरखडासुद्धा नव्हता. पण रिक्षात मागे अजून दोन मुलं दप्तरं मांडीवर घेऊन बसली होती आणि माझ्याकडे टकामका बघत होती. गाडी थोडी वेगात असती तर, हा विचार मला घरी आल्यावर सुचला, आणि मग जाईना.

नेमकं त्याच वर्षी लायसन्सचं नूतनीकरण आलं. आमच्या वयात त्याला डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी डोळे तपासले, बीपी पाहिलं, पेन हातात घेतलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "साखर उतरताना तुम्हांला कळतं ना?"

"पूर्वी कळायचं," मी म्हणाले.

"आणि आता?"

मी नाक्यावरची गोष्ट सांगितली. त्या दिवशी ओठ बधिर झाले नव्हते, हात थरथरले नव्हते, हेही सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात असं होतं," ते म्हणाले. "शरीर सूचना द्यायचं बंद करतं. मी सही नाही करू शकत."

"म्हणजे मी खरं बोलले म्हणून?"

"हो. खरं बोललात म्हणून."

"सांगितलं नसतं तर केली असतीत?"

"केली असती," ते म्हणाले. "म्हणून तर बरं झालं सांगितलंत."



आरटीओच्या बाहेरचा एजंट तर मला वेड्यात काढायला लागला. "मॅडम, तुम्ही डॉक्टरकडे गेलातच कशाला? आपला माणूस आहे ना. तुम्हांला बघणारपण नाही, डायरेक्ट सर्टिफिकेट." आजूबाजूला त्याची गिऱ्हाइकं उभी होती. एकाच्या चष्म्याची काच बाटलीच्या बुडाएवढी जाड. ते सगळे संध्याकाळपर्यंत कागदोपत्री धडधाकट होणार होते. मी नको म्हणाले. त्यात थोरपणा काही नव्हता. मला त्या दोन दप्तरवाल्या मुलांचे चेहरे दिसत होते, एवढंच. घरी येताना मात्र माझा नुसता संताप संताप होत होता. जुन्या लायसन्सची मुदत संपली आणि गाडी इमारतीखाली उभी राहिली.

त्यानंतर लोक सल्ले द्यायला लागले. समोरच्या वहिनींनी जांभळाच्या बियांची पूड आणून दिली. दिरांचा फोन आला, "बरं झालं वहिनी, डोक्याची कटकट गेली." कुणाच्या डोक्याची, ते त्यांनी सांगितलं नाही. स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले, "या वयात बाईमाणसाने कशाला हायवेवर गाडी चालवायची?" हे सर माझ्या गाडीतून कितीतरी वेळा भिवंडीपर्यंत आले होते, पुढच्या सीटवर झोपून. सगळ्यांत जास्त चिडल्या त्या मावशी. त्यांना आता रिक्षा बदलत यावं लागत होतं. "साखर तुमची हाय न् पाय माझं दुखतात," त्या म्हणाल्या. निदान त्या खरं बोलत होत्या.

मी पुन्हा एसटी आणि शेअर रिक्षा सुरू केली. शेअर रिक्षात मागे चौघी कोंबलेल्या, पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस अर्धा बाहेर लटकलेला. तो ड्रायव्हर एका हाताने मोबाइल कानाला लावून ट्रेलरच्या डाव्या बाजूने गाडी घुसवायचा. त्याच्याकडे लायसन्स होतं. माझ्याकडे नव्हतं.

मग एक दिवस यजमानांनी जाहीर केलं, "मी शिकतो गाडी."

साठीला टेकलेला माणूस. सायकलवरूनही वळताना पाय टेकवणारा. पण निवृत्तीनंतर त्यांना वेळ होता आणि ते रोज सकाळी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतून जायला लागले. येताना शिकवणाऱ्याचं वाक्य घेऊन यायचे. "आज तो म्हणाला, काका, गाडीला घाबरू नका, गाडीच तुम्हांला घाबरली पाहिजे." सर्टिफिकेटसाठी मीच त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी त्यांची साखर पाहिली, बीपी पाहिलं आणि कौतुकाने म्हणाले, "तुम्ही तर एकदम फिट आहात." सही झाली. यजमानांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं काही त्यांना मेरिट लिस्टमध्ये नंबर मिळाला होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

लायसन्स हातात आल्यावर एका रविवारी ते म्हणाले, "चल, वज्रेश्वरीला जाऊन येऊ. देवीच्या पाया पडू." मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच गाडीत डावीकडे बसले. अंबाडी गाव येईपर्यंत त्यांनी दुसऱ्या गिअरच्या वर काही टाकलं नाही. इंजिन किंचाळत होतं. बैलगाडीला हॉर्न, कोंबडीला हॉर्न, रिकाम्या रस्त्यालाही एक हॉर्न. माझा उजवा पाय आपोआप नसलेल्या ब्रेकवर दाबला जात होता.

"तिसरा टाका," मी म्हणाले.

"टाकतो."

"अहो, कधी?"

"तू गप्प बसलीस की."

पुढे एका चढावर समोरून एसटी आली आणि त्यांची गाडी बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. गाडी मागे घरंगळायला लागली. मी हँडब्रेक ओढला आणि ओरडले, "क्लच हळू सोडा म्हणून किती वेळा सांगायचं!" एसटीचा ड्रायव्हर हसत निघून गेला. यजमानांनी चावी काढली, रुमालाने मान पुसली आणि शांतपणे म्हणाले, "तूच ये इकडे. देऊळ राहिलंय किती? इथे कोण बघतंय?"

मी उतरले. गाडीला वळसा घालून त्यांच्या जागी बसले. सीट पुढे घेतली, आरसा सारखा केला. स्टिअरिंगला हात लावताच इतकं बरं वाटलं की बोलायची सोय नाही. अंगात ताकद होती, डोकं साफ होतं. नाक्यावरच्या त्या दुपारपासून एक सवय मात्र लागली होती. पर्समधून साखर मोजायचं मशीन काढलं, बोट टोचलं. हे बाजूला बसून पाणी पीत होते.

बासष्ट.

मशीन बिघडलं असेल म्हणून दुसरं बोट टोचलं. एकसष्ट. सत्तरच्या खाली म्हणजे साखर उतरलेली, आणि मला काहीच होत नव्हतं. ना घाम, ना थरथर. माझ्यापुरती मी ठणठणीत होते.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

मी मशीन त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी वाचलं. दार उघडून माझ्या बाजूला आले, पर्समधला ग्लुकोजचा पुडा फाडला आणि माझ्या हातात दिला. मी तो खाल्ला आणि रडले. इतके दिवस डॉक्टरांवर, एजंटवर, त्या झोपणाऱ्या सरांवर चिडता येत होतं. आता चिडायचं कुणावर, हेच कळेना. रस्त्याच्या कडेला काकड्या विकणारी एक बाई आमच्याकडे बघत होती. तिला वाटलं असणार, नवऱ्याने मारलं.

साखर वर आल्यावर मी परत डावीकडे बसले. यजमानांनी हँडब्रेक सोडला, गाडी एकदा हिसका देऊन चढावर चढली. देवळापर्यंत मी एकही सूचना केली नाही. मला ते फार जड गेलं.

डॉक्टर म्हणतात, बरेच महिने साखर एकदाही खाली जाऊ दिली नाही तर शरीराच्या सूचना परत येऊ शकतात. येतीलच असं नाही. मी इन्सुलिन कमी-जास्त करून घेतलंय, वर्गातसुद्धा बोट टोचते. मुलं आता स्वतःच विचारतात, "बाई, किती आली?" कधी शंभर येते, कधी ऐंशी. लायसन्सचं मी कुणाशी बोलत नाही, कारण बोललं की कुणीतरी कारल्याचा रस सुचवतं.

शाळेत मी अजून एसटीनेच जाते. शनिवारी अर्धा दिवस असतो, तेव्हा यजमान न्यायला येतात. मावशी मागे बसतात आणि संपूर्ण रस्ता देवाचं नाव घेतात, मोठ्याने. यजमानांना वाटतं त्या भाविक आहेत.

परवा बाजारात जागा मिळेना. दोन टेम्पोंच्या मधे जेमतेम एक फट होती. मी म्हणाले, पुढे चला, तुम्हांला जमायचं नाही. ते थांबले, मान वळवली आणि रिव्हर्स टाकला. हळूहळू, दोनदा पुढे-मागे करून त्यांनी गाडी आत बसवली. कुठे घासली नाही, कुणी शिवी दिली नाही. इंजिन बंद करून ते माझ्याकडे बघत राहिले. मी काहीतरी म्हणावं याची वाट बघत होते.

"अजून थोडी आत घ्यायला हवी होती," मी म्हणाले आणि पिशवी घेऊन उतरले.