चार फुटी बैल

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढं मी तुम्हाला माझ्याच शहाणपणाचा पराक्रम सांगणार आहे. चहा गार होऊ देऊ नका.

कापसानं आमची पार वाट लावली ती वर्षं. नेरच्या बाजारात कापसाच्या गाड्या ताटकळत उभ्या, आणि भाव ऐकला की माणूस जागीच बसायचा. आमच्या बाबांनी त्या साली बैलजोडी विकली. बैल गेले त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मी मात्र फुशारून म्हणालो, "बाबा, हे पैसे मले द्या. रेडियमच्या बोर्डाचा धंदा टाकतो. पोळ्याच्या आत जोडी परत दावनीले बांधतो का नाई पाहा!"

रेडियम म्हणजे गाड्यांवर, पाट्यांवर चिकटवतात ना, ते रंगीत स्टिकर. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, मशीन ते कापते, आपण चिकटवायचं. यवतमाळला मी त्याचा कोर्स केला होता. जुना कॉम्प्युटरही घरात होता. राहिली होती फक्त मशीन.

बाबांची एकच अट. "खरेदीले मामाले संग ने."

मामा बोरी अरबचे, बैलांचे दलाल. बैल नुसता उभा पाहून त्याची खोड सांगणार. आमच्या घरात सायकलपासून नवरदेवापर्यंत कुठलीही निवड त्यांना विचारल्याशिवाय होत नसे.

नागपूरच्या दुकानदारानं दोन मशिनी दाखवल्या. एक चार फुटी, एक दोन फुटी. म्हणाला, "बोर्ड का काम करना है तो बड़ी लो भैया. छोटी से तो नंबर प्लेट बनती है."

मामांनी मोठीभोवती एक फेरी मारली. पाठीवरून हात फिरवला. वाकून पाय पाहिले. शेपूट असती तर तीही पिळून पाहिली असती! मग विचारलं, "अन् या लहानीची किंमत?"

"इसकी आधी."

मामांनी मला कोपऱ्यात ओढलं. "लेका, एकाच्या किमतीत जोडी भेटून राह्यली, अन् तू एकटा बैल घेऊन राह्यला? एका बैलानं कधी वखर चालला काय?"

"पन मामा, बोर्ड मोठा असला त..."

"दोन अन् दोन किती होते?"

"चार."

"मंग?"

आता तुम्हीच सांगा, यात चूक कुठं होती? मलाही सापडली नाही. कोर्स केलेला मी! दोन लहान मशिनी घेऊन आलो आणि रिकाम्या गोठ्यात, दावणीपाशीच शेजारी शेजारी मांडल्या.

पहिलंच काम आलं ते बसस्टँडसमोरच्या कृषी केंद्राच्या शेटजींचं. "नावाच्या बाजूले चार फुटी बैल पाह्यजे. एकदम ऐटदार!"

घाबरतो कशाला? पुढचा अर्धा बैल एका मशिनीवर कापला, मागचा अर्धा दुसरीवर. जोडीचा फायदा! माप घेऊन पाहायचंही सुचलं नाही. भर उन्हात शिडीवर चढून दोन्ही तुकडे चिकटवले, खाली उतरलो आणि वर पाहिलं.

एक मशीन माप वाढवून कापत होती, दुसरी कमी करून. खांदे मोकाट वळूसारखे, आणि मागचा पुठ्ठा हा एवढासा.

शेटजी ओरडले, "हे काय बे? समोरून बैल अन् मांगून बकरी!"

बसस्टँडवरची माणसं चहा सोडून बघायला आली. मी धावत जाऊन मामांना फोन लावला.

"नवी जोडी हाये लेका, बिचकनारच," मामा शांतपणे म्हणाले. "डावा उजवीकडं जुपून पाह्य."

आणि मी ऐकलं! कुणी मारून मुटकून करायला लावलं नव्हतं. पुढचा भाग या मशिनीवर, मागचा त्या मशिनीवर, असं उलटं करून पुन्हा सगळा बैल कापला. दुसऱ्या दिवशी बोर्डावर समोरून बकरी होती अन् मागून बैल.

शेटजींनी ब्रशवाला पेंटर बोलावला. मला मोठा बोर्ड पुन्हा कुणी दिला नाही. नंबर प्लेटा म्हणाल, तर त्या हंगामात नवी गाडी घेतो कोण? बाबांनी पेरणी शेजाऱ्याच्या बैलांनी केली, त्याचं सगळं उरकल्यावर, उशिरा. मला फार राग यायचा, आणि तो काढायला माझ्याशिवाय कुणी सापडत नव्हतं.

पोळा आला. गावभर घुंगरं वाजत होती. सवयीनं आईनं पुरणपोळी केली, ताट घेऊन गोठ्यात आली आणि मशिनींपुढं थबकली. मी तिथंच दावणीपाशी बसलो होतो.

"बैलच नाई," ती म्हणाली. "पोळी चारू कोनाले?"

बाबा दारात उभे होते. कित्येक दिवसांत माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. त्या दिवशीही माझ्याशी बोललेच नाहीत. आईला म्हणाले, "हा बसला ना दावनीले. याले चार."

आईनं खरंच घास पुढं केला. मी मान खाली घालून खाल्ला.

नाही, तुम्ही हसा. त्या दिवशी आमच्या घरात कुणी हसलं नव्हतं.