रुखवतातला साबण

न पिणाऱ्याला बक्षीस देतात हे मी पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा तोंडातलं पान चावायचं राहून गेलं.

माझ्या जावयाला लेकीनं भालकीच्या एका घरात ठेवलं होतं. दवाखान्यात दारू सुटलेली माणसं तिथं काही महिने राहतात. दिवसा बाहेर कामाला जातात, संध्याकाळी परत येऊन एका नळीत फुंकतात. यंत्रात दारू दिसली नाही, की मडक्यात हात घालून चिठ्ठी काढायची. कुणाला साबण निघतो, कुणाला कंगवा. एका चिठ्ठीवर टेबलफॅन आहे म्हणे, तो कपाटात खोक्यासकट सगळ्यांना दिसेल असा ठेवलेला. बहुतेक चिठ्ठ्यांवर मात्र नुसतं ‘शाबास’. जितके दिवस सलग कोरडे, तितक्या जास्त चिठ्ठ्या. एकदा घसरला, की पुन्हा एकीवर.

लेक तिकडं पाऊल टाकायला तयार नव्हती, म्हणून दर रविवारी औरादहून बस धरून मीच जायची. खरं सांगायचं तर मजा बघायला.

“म्हंजे चोरी केली न्हाई म्हणून चोराचा सत्कार,” मी तिथल्या बाईंना म्हणाले. बाई कसल्या, माझ्या नातीच्या वयाची कानडी पोर, पण सगळं घर तिच्या हाताखाली. “मी तर जन्मात थेंब घेतला न्हाई. माझा फॅन कुठं हाय?”

“अज्जी,” ती हसून म्हणाली, “बाटलीचा गुण लगेच येतो. न पिण्याचा गुण यायला वर्ष लागतं. तोवर माणसानं कशाला धरून राहायचं?”

“साबणाला?”

“साबणाला तर साबणाला.”

मला ते पटलं नाही. कारण या विषयात मी स्वतःला पंडित समजत होते. आमचे मालक शिंदी प्यायचे. मी तेव्हा विशीतली, नाकाच्या शेंड्यावर अक्कल घेऊन फिरणारी. एका सकाळी त्यांची सगळी धोतरं, सदरे पेटीत घालून कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि साऱ्या गल्लीला सांगून आले की आजपासून आमच्या घरची शिंदी बंद. मालक थोडा वेळ बसले, मग माझंच हिरवं लुगडं गुंडाळून निघाले. दुकानातल्या लोकांनी खूश होऊन त्यांना दोन गिलास फुकट पाजले. परत आले ते पदर सावरत. गल्लीत पुढं कित्येक दिवस बाया मला विचारायच्या, “आज लुगडं मोकळं हाय का गं?” एवढी माझी पंडिताई.

तर अशा मला साबणवाल्यांचं हसू येणारच. जावयाला रविवारमागून रविवार ‘शाबास’च निघायची.

“जावईबापू, भाजून खावा आता ती,” मी म्हणायची.

“जमवून ठेवायलाव मामी,” तो म्हणायचा. एकदा त्याला स्टीलचा गिलास निघाला. मी बाईंकडं बघतच राहिले. पिणाऱ्याला गिलास? ही माणसं शुद्धीवर आहेत का?

“पाण्याचा आहे, अज्जी,” बाई म्हणाल्या.

दिवाळीनंतर नातीचं लग्न ठरलं आणि माझी मजा संपली. लेकीनं एकच गोष्ट सांगितली: बाप कोरडा राहिला तर कन्यादानाला तो बसेल, नाहीतर थोरला दीर. जावयाला मी ते जसंच्या तसं सांगितलं. तो बराच वेळ कपाटातल्या फॅनकडं बघत राहिला.

“रुखवतात बापाकडून काय ठेवणार हाय?” त्यानं विचारलं.

“तुमच्याकडं काय हाय ठेवायला?” मी म्हणाले. त्याच्या मनात फॅन बसला हे तेव्हाच मला कळलं. इतका जीव त्यानं संसारातल्या कशावर लावलेला मी पाहिला नव्हता.

मग एका रविवारी गेले तर सगळे मडक्यापाशी, हा एकटा पायरीवर.

“घेतली काल,” माझ्या विचारायच्या आत तो म्हणाला. “फुंकायच्या आधीच सांगितलं बाईला. लेकीच्या आईलाबी फोन केला.”

“कामून?” मी म्हणाले. कामून घेतली आणि कामून सांगितलं, दोन्ही.

“न्हाई सांगता येत.”

आता बाई ह्याला हाकलून देणार, निदान चार लोकांत उभा करून झाडणार, असं मी धरून चालले होते. मी तर झाडण्याचं सगळं साहित्य तोंडात तयार ठेवलं होतं. बाई आल्या, शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “आज चिठ्ठी नाही. उद्या कोरडे आलात तर एक.” संपलं. आवाज चढला नाही. मडक्यापाशी कुणी हसलं नाही. माझ्या तोंडातले शब्द तसेच गिळून मी बसनं परत आले. घरी लेक म्हणाली, “दिराला सांगितलंय. तरीबी त्या दिशी येऊन फुंकून दाखवू दे. मग बघू.”

लग्न औरादलाच, आमच्या दारात मांडव. सकाळी जावई आला तो बाईंना यंत्रासकट घेऊन. मागच्या पडवीत, जिथं आचारी कांदे चिरत बसले होते, तिथं उभं राहून त्यानं फुंकलं. लेक यंत्रात वाकून बघत राहिली. मी तिच्या तोंडाकडं. ती आत गेली आणि थोरल्या दिराच्या हाताला धरून त्यांना पाटावरून उठवलं. दीर शहाणे, हसत उठले.

रुखवत बघायला मी गेले ती तिथंच थिजले. चिरोटे, लाडू, पितळी समया, विणलेले रुमाल, आणि मधल्या ताटात साबणवड्या. तीन रंगांच्या, शिवाय दोन कंगवे, तो स्टीलचा गिलास. पाठीमागं ‘शाबास’च्या चिठ्ठ्यांचं तोरण, सुईदोऱ्यानं ओवलेलं. खाली पाटी, ‘बापाकडून’. फॅन त्याला निघालाच नव्हता.

वरपक्षाच्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. “हे काय म्हणायचं, अक्का?” एकीनं मलाच विचारलं. मला, जिच्या जिभेनं आख्खी गल्ली पळते. नात तिथंच उभी होती, डोईला बाशिंग. ती म्हणाली, “माझ्या अप्पानं कमावलेलं हाय.” त्या बाईनं एक साबणवडी उचलली, वास घेतला आणि नीट जाग्यावर ठेवली.

पंगती उठल्या तसा जावई चपला शोधायला लागला. पाठवणीला अजून वेळ होता.

“आता कुठं?”

“संध्याकाळी फुंकायचं हाय मामी. ही बस चुकली तर पोचत न्हाई.”

“अवो, लेकीची पाठवणी हाय. बाई हितंच हायत की, हितंच फुंका. एक दिवस...” आणि मी थांबले. एक दिवस, एक दिवस. मालकही त्या सकाळी असंच म्हणाले होते, पेटीचं कुलूप बघत.

“तिथंच फुंकायला पाहिजे,” तो म्हणाला. “हितं मांडवात मागं बाटल्या यायल्यात. मला दिसल्यात.”

नातीनं ऐकलं. शालू दोन्ही हातांनी उचलला आणि बापाच्या बरोबर चालायला लागली. मागं मी, माझ्या मागं बाई. नवरीला रस्त्यानं चालताना बघून सारं औराद दुकानातून बाहेर आलं. स्टँडवर तिनं बापाला वाकून नमस्कार केला, तो रडला, ती रडली नाही. उलट त्याच्या खिशात रुमाल घालून म्हणाली, “पोचलास की फोन कर.” लेकीनं बापाची पाठवणी केलेली मी ह्या वयात पहिल्यांदा बघितली.

कंडक्टर दारात उभा. नवरीला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, “बाईमाणसाला टिकीट फुकट हाय अक्का, बसायलीस का?”

“न्हाई रे,” मी म्हणाले. “आज बापालाच सासरी धाडायलाव.”